पाठीवरचं नाव

सातव्या स्लाइडवर आधी ‘कारखान्यांचं सांडपाणी’ असं लिहिलेलं होतं. मुलांच्या रोबो-संघाच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री मी एका कोपऱ्यात खर्चाच्या पावत्या लावत बसले होते आणि मुलांची शेवटची तालीम चालली होती. मध्येच कानावर आलं, ‘मानवी हस्तक्षेपामुळे पाण्याची गुणवत्ता बदलते.’ मी मान वर केली. बारा-तेरा वर्षांचं पोर आपणहून ‘मानवी हस्तक्षेप’ म्हणतं का कधी? हे कुणी बदललं, असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी संघातली सर्वांत धाकटी मुलगी म्हणाली, “काकू, टी-शर्टवर त्यांचंच नाव आहे ना. बरं नाही दिसत ते.”

ते नाव आमच्या प्रायोजक कंपनीचं. कंपनीनं यातलं काहीएक सांगितलेलं नव्हतं, हे आधीच लिहून टाकते. त्यांनी धनादेश दिला, चहा-खारी दिली, फाटकापाशी उभं करून एक फोटो काढला. मुलांचा प्रकल्प कशावर आहे हे त्यांना बहुधा माहीतही नसावं. संघाच्या सरांनी काही सुचवलं नव्हतं, पालकांनी नव्हतं. मुलांनी पाठीवरचं नाव आपलं आपण वाचलं आणि ओठावरचा शब्द आपला आपण खोडला. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, “मानवी हस्तक्षेप म्हणजे नेमकं काय?” आणि आमचा वक्ता, जो एरवी दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही, तो गप्प झाला.

मी दांडिया बाजारात राहते. पाटीवर वडोदरा, आमच्या तोंडी बडोदंच. धंदा हिशेबाचा आणि करविवरणपत्रांचा. रोबोमधलं मला ओ की ठो कळत नाही. भाचा संघात होता म्हणून चार वर्षांपूर्वी जमाखर्चाची वही माझ्याकडे आली. भाचा मोठा होऊन बाहेर पडला, वही राहिली. संघ आठ मुलांचा. निम्मी घरी मराठी बोलणारी, निम्मी गुजराती, आणि भांडताना सगळी हिंदी. स्पर्धा फर्स्ट लेगो लीगची. डीन केमन या अमेरिकी संशोधकानं १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि पुढे लेगो कंपनीच्या साथीनं लहान मुलांसाठी ही स्पर्धा सुरू झाली. टेबलावरच्या अडीच मिनिटांच्या खेळात रोबोनं कामगिऱ्या पार पाडायच्या, टाळ्या पडतात त्या तिथे. पण त्या वर्षीच्या विषयावर मुलांनी एक खराखुरा प्रश्न शोधायचा, त्यावर उपाय काढायचा आणि परीक्षकांपुढे मांडायचा, हाही स्पर्धेचा तितकाच मोठा भाग असतो.

२०२४-२५ चा विषय समुद्राचा होता. बडोद्याला समुद्र नाही. पण समुद्राकडे जाणारं काहीतरी आहे. आसपासच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाहून नेणारा, सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा कालवा १९८३ पासून चालू आहे. तो भरूच जिल्ह्यातल्या सारोदपाशी महीच्या मुखात, म्हणजे खंभातच्या आखाताच्या तोंडाशी पोचतो. मुलांनी तोच पकडला. पाण्याची आम्लता आणि त्यात विरघळलेले क्षार मोजणारं, रिकाम्या बाटल्यांवर तरंगणारं स्वस्तातलं यंत्र. कल्पना सर्वस्वी मुलांची, आणि मला ती फार आवडली होती. त्याच वर्षी आमचा सगळ्यात मोठा प्रायोजक रसायनं बनवणारा होता. प्रकल्पाचा कागद आणि धनादेशाची झेरॉक्स एकाच फाइलमध्ये होती, फाइल माझीच होती, आणि मला दिसलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. मुलांच्या रोबो-संघासाठी प्रायोजक निवडताना आपण सगळे ‘पैसा कुठून आला’ यावर तासभर बोलतो. तो प्रश्न आहेच. पण त्याच्या आधी विचारायचा प्रश्न असा की हा पैसा घेतल्यावर आमच्या मुलांना कुठला शब्द गिळावा लागेल? आणि याचं उत्तर धनादेश हातात पडायच्या आधी, शांत डोक्यानं, कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. धनादेश टेबलावर आल्यानंतर तत्त्वाची चर्चा करणं म्हणजे पंगतीला बसल्यावर उपास आहे का ते आठवण्यासारखं.

पालकांच्या बैठकीत हे बोलले तर एका गृहस्थांनी लगेच ऐकवलं, “धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत.” म्हण चांगली आहे. पण ही गाय धर्माची आहे का, तेच बघायचं आहे. धर्माची असेल तर देणारा तिचं दावं हातातून सोडून जातो. ही गाय आपल्या अंगणात बांधलेली राहते आणि मालकाचं नाव तिच्या गळ्यातल्या घंटेवर असतं.

इथे माझा धंदा थोडा कामी आला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता (देणी वजा जाता), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एक जरी असेल तरी त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. हाच तो सीएसआर, ज्याच्या मागे आज शहरातली प्रत्येक शाळा, प्रत्येक मंडळ आणि प्रत्येक रोबो-संघ धावतो आहे. शिक्षण त्यात बसतं. पण त्याच नियमांत २०२१ साली एक गोष्ट स्पष्ट केली गेली, ती शाळावाले वाचत नाहीत आणि कंपन्यांचे जनसंपर्कवाले वाचूनही बोलत नाहीत. आपल्या मालाला किंवा सेवेला जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून प्रायोजक या नात्यानं केलेला खर्च सीएसआर धरला जात नाही. म्हणजे सीएसआरमधून पैसे देऊन वर ‘टी-शर्टवर लोगो एवढ्या इंचांचा, बॅनरवर एवढ्या फुटांचा, स्पर्धेच्या दिवशी आमचं उत्पादन मांडलेला एक स्टॉल’ अशी यादी जोडणाऱ्या कंपनीला तुम्ही नम्रपणे विचारू शकता, की साहेब, हा खर्च तुम्ही कुठल्या खात्यात टाकणार? मी एकदा विचारलं. स्टॉल गेला, लोगो निम्म्यावर आला, पैसे तेवढेच राहिले.

दुसरा कागद याहून मजेचा. देणगी आणि प्रायोजकत्व यांत जीएसटीच्या दृष्टीनं फरक कसा करायचा, यावर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं ११ ऑक्टोबर २०१९ चं एक परिपत्रक आहे. सरकारी कागदात एवढा माणुसकीचा सूर क्वचित सापडतो. त्यात उदाहरणं दिली आहेत: योग शिकवणाऱ्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या डिजिटल फळ्याखाली ‘श्री. राजेश यांच्या शुभेच्छा’, किंवा मंदिराच्या एखाद्या खोलीच्या दारावर ‘श्रीमती मालती देवी यांच्याकडून, वडिलांच्या स्मरणार्थ’. यात देणाऱ्याच्या धंद्याचा उल्लेख नाही, त्याच्या मालाची भलामण नाही, म्हणून हे आभार. यावर कर नाही. धंद्याचा प्रचार आला की ती सेवा झाली, मग कर लागू.

आपल्याकडे हे कुणाला नवीन नाही. देवळाच्या पायरीवर नाव कोरणाऱ्याला ठाऊक असतं की येणारा-जाणारा त्यावर पाय देणार. मंगल कार्यालयातल्या पंख्याच्या पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असतं, पंखा फिरायला लागला की नाव दिसेनासं होतं आणि वारा सगळ्यांना लागतो. हे आभार. गणपतीच्या मंडपाआधी उभी राहणारी कमान, जिच्यावर पानमसाल्याच्या वेलचीचा डबा मूर्तीपेक्षा मोठा असतो, ती जाहिरात. दोन्हींतला फरक आपल्या डोळ्यांना एका क्षणात कळतो. मग मुलाच्या छातीवर आणि पाठीवर पाच-पाच लोगो चिकटवताना तो का कळेनासा होतो? मूल म्हणजे कमान नव्हे. मोठा क्रिकेटपटू लोगो घालतो तेव्हा त्याचे पैसे त्याला मिळतात, त्याच्याशी करार असतो, तो नाही म्हणू शकतो. आमची धाकटी दहा वर्षांची आहे. तिला मोबदला एक टी-शर्ट, तोही दोन मापं मोठा.

क्रिकेटवरून आठवलं. भारतीय संघाच्या जर्सीचा इतिहास हा प्रायोजक निवडणाऱ्या प्रत्येकानं भिंतीवर लावण्यासारखा आहे. सहारा गेलं. पुढे काही वर्षांनी बायजूज आलं, तेव्हा पालक म्हणाले, वा, शिक्षणाची कंपनी! तिच्याकडून १५८ कोटींहून जास्त येणं आहे म्हणून क्रिकेट मंडळाला २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाचं दार ठोठावावं लागलं. मग ड्रीम इलेव्हन. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, करार संपला, आणि आशिया चषकाला आपला संघ छातीवर कुठल्याही कंपनीचं नाव न घेता उतरला. जिंकलाही. ‘कायद्यानं चालतं ना, मग झालं’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे सांगते आहे. जे जुलैत चालत होतं ते सप्टेंबरात चालत नव्हतं. त्या दोन महिन्यांत तो धंदा मुलांसाठी चांगल्याचा वाईट झाला, असं कुणी म्हणेल का?

काही नकार सोपे आहेत, त्यांवर वेळ घालवत नाही. तंबाखू आणि तिच्या पदराआडची वेलची-सुपारी: २००३ चा कायदाच आहे. दारूचा प्रश्न गुजरातेत आम्हाला पडत नाही, एवढा एक ताप राज्यानं वाचवला. जुगार, झटपट कर्ज देणारी ॲपं, निवडणुकीला उभे राहू इच्छिणारे दादा आणि त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान: नको. शेवटचा नकार तोंडानं द्यायला जड जातो, कारण दादा गल्लीतच राहतात. म्हणून तो कागदावर असलेला बरा. ‘आमचा नियमच आहे हो’ म्हणता येतं.

अवघड आहेत ते सभ्य चेहऱ्याचे प्रायोजक. माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा दार ठोठावणारा म्हणजे शिकवणी वर्ग. पैसे थोडे, पण लगेच. अटही साधी दिसते: मुलांचे फोटो आणि पालकांच्या फोननंबरांची यादी. पुढच्या जूनमध्ये चौकातल्या फलकावर आपली पोरं झळकतात, ‘आमचे चमकते तारे’, आणि त्या वर्गात त्यांनी पाऊलसुद्धा टाकलेलं नसतं. असं एकदा आमच्या बाबतीत घडलं. ओळखीचा मामला म्हणून आम्ही गप्प बसलो, आणि ते चुकलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली; विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायला त्याची लेखी संमती हवी, आणि तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या अर्जातच बारीक अक्षरांत उपटलेली चालणार नाही. हा नियम वर्गांसाठी आहे, पण मी तो जसाच्या तसा संघाला लावला: फोटोची संमती स्पर्धा झाल्यावर, दर वर्षी नव्यानं, आणि मुलानं नाही म्हटलं तर आईबापांची सही असूनही नाही.

फोननंबरांच्या यादीबद्दल तर मी भांडायला तयार आहे. रोबोचे संच विकणारे, कोडिंगचे वर्ग चालवणारे, उन्हाळी शिबिरंवाले जे ‘प्रायोजकत्व’ देतात, ते यादीच्या किमतीपुढे काहीच नसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे आणि मुलांना हेरून केलेल्या जाहिरातींना मनाई केली आहे. पण कायदा दिल्लीत, यादी व्हॉट्सॲपवर. ती एकदा गेली की टी-शर्टसारखी उतरवून ठेवता येत नाही.

आता मोठ्या कंपन्या. बडोदा रसायनांवर, औषधांवर, खतांवर आणि तेलशुद्धीकरणावर वाढलेलं गाव आहे. कोयलीची रिफायनरी १९६५ सालची. इथे अर्ध्या घरांत कुणीतरी ‘प्लांट’वर आहे किंवा होतं; माझे वडील त्यातलेच. अशा गावात ‘प्रदूषण करणाऱ्या उद्योगाकडून पैसे घेणार नाही’ असं सरसकट लिहिणं म्हणजे जेवून उठल्यावर ताटाला नावं ठेवणं. मला तो पवित्रा मान्य नाही. आणि तो सोयीचाही आहे, कारण सरसकट नियम केला की प्रत्येक बाबतीत डोकं चालवायला लागत नाही.

माझं म्हणणं अरुंद आहे आणि म्हणून पाळता येण्यासारखं आहे. ज्या वर्षी मुलं पाण्यावर काम करतात त्या वर्षी पाण्यात काही सोडणाऱ्याचा पैसा नको. ज्या वर्षी ऊर्जेवर, त्या वर्षी वीज आणि तेलवाल्यांचा नको. २०२२-२३ चा विषय ऊर्जेचा होता, तेव्हा रसायनवाले चालले असते. समुद्राच्या वर्षी नाही. प्रायोजक वाईट आहे असा आरोप यात नाही. न्यायाधीश आपल्या मेव्हण्याचा खटला चालवत नाही, त्यात मेव्हण्याची बदनामी कुठे असते?

आणि ज्या विटांनी मुलं रोबो बांधतात त्या विटांच्या कंपनीवरही हा प्रसंग येऊन गेला आहे. लेगो आणि शेल या तेल कंपनीचं नातं १९६० च्या दशकापासूनचं. शेलचं चिन्ह असलेल्या खेळण्यातल्या गाड्या पेट्रोल पंपावर मिळायच्या. २०१४ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेनं उत्तर ध्रुवाकडच्या तेलउत्खननावरून मोहीम काढली, लेगोच्याच विटांचं ध्रुवप्रदेश तेलात बुडताना दाखवलं, आणि त्या ऑक्टोबरात लेगोनं जाहीर केलं की करार संपला की पुन्हा करणार नाही. अर्धशतकाचं नातं होतं. आमचा करार एका वर्षाचा आणि टी-शर्ट आठ. आम्हाला जमू नये?

संरक्षण सामग्री बनवणाऱ्यांचा प्रश्न आता बडोद्याला दूरचा राहिलेला नाही. २८ ऑक्टोबर २०२४ ला इथे टाटा-एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. हवाई दलासाठी ५६ विमानं घ्यायचं ठरलं, त्यांतली ४० इथे तयार करायची. ती माल आणि माणसं वाहून नेणारी विमानं आहेत. त्यांच्या सुट्या भागांवर जगणारे छोटे कारखाने शहराभोवती उभे राहतील आणि रोबो बांधणारी मुलं त्यांना हवीहवीशी वाटणार, यात गैर काय? अमेरिकेत ‘फर्स्ट’च्या स्पर्धांना बोईंग, बीएई सिस्टिम्स अशा कंपन्यांचा पैसा वर्षानुवर्षं मिळत आला आहे, आणि तिथून चांगले अभियंते निघाले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. सैन्य वाईट असतं असंही मी मानत नाही. तरी दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मी हा पैसा घेणार नाही. त्या वयात चाकं असलेली, आपोआप वस्तू उचलणारी गोष्ट ही निव्वळ गंमत असते. ती गंमत पुढे कशाला जोडायची, ट्रॅक्टरला, शस्त्रक्रियेच्या टेबलाला की तोफेला, हे त्या मुलानं स्वतः ठरवायचं आहे, आणि ठरवायला त्याला अजून पाच-सात वर्षं मिळाली पाहिजेत. अकरावी-बारावीच्या मुलांचा संघ असेल तर त्यांनी आपसांत वाद घालून ठरवावं. त्यांना निदान हे ठाऊक असावं की खुद्द रोबो बांधणारेही यावर एकमतानं बोलत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये बॉस्टन डायनॅमिक्स आणि आणखी पाच कंपन्यांनी आपले सर्वसाधारण वापराचे रोबो शस्त्रसज्ज करणार नाही असं जाहीर पत्र काढलं होतं. या मुद्द्यावर आमचे सर माझ्याशी सहमत नाहीत. त्यांचे वडील फौजेत होते. आम्ही दोघं अजून बोलतो आहोत.

पैसे घेण्याची गोष्ट निघाली की बडोद्याच्या मराठी माणसाला एक जुनी शिष्यवृत्ती आठवतेच. १९१३ मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात करार होता: परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. अट कडक होती, पण ती आधी होती आणि कागदावर होती. आणि ती अट त्यांच्या श्रमावर होती, जिभेवर नव्हती. त्या शिष्यवृत्तीवर शिकत असतानाच त्यांनी १९१६ मध्ये जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. कुठल्याही हिंदू राजाला तो सुखावणारा नव्हता. पुढची गोष्ट गावाला शोभणारी नाही. १९१७ मध्ये ते कराराप्रमाणे नोकरीवर हजर झाले, तेव्हा त्यांना राहायला इथे कुणी जागा दिली नाही. नाव लपवून पारशी सराईत उतरले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं, आणि ते गाव सोडून गेले. पैसा देणारा उदार असला आणि भोवतालची माणसं कोती असली, की काय होतं ते बडोद्यानं पाहिलेलं आहे. तरी १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तो सयाजीरावांना अर्पण केलेला आहे. करार कधीच मोडलेला होता, कुणी मागितलं नव्हतं. हे आभार. परिपत्रकातला फरक मला या अर्पणपत्रिकेमुळे खरा कळला.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप एका आईनं घेतला. तिचा मुलगा नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या शाळेत होता. ती म्हणाली, “ताई, तुमची तत्त्वं इंग्रजी शाळेच्या पोरांना परवडतात. आमच्या शाळेला कुणी विचारतही नाही. जो विचारेल त्याचं नाव मी कपाळावर गोंदवून घेईन.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही अर्धंच आहे. गरजवंताला अक्कल नसते असं आपण म्हणतो, खरं तर त्याला अक्कल वापरायची मुभा नसते. एका संचाची किंमत, नोंदणीचं शुल्क, दुसऱ्या शहरातल्या फेरीचा प्रवास, राहणं, हे मिळून कित्येक घरांच्या दोन महिन्यांच्या पगाराइतकं होतं. नीतीचे निकष असे लिहिले की ते फक्त श्रीमंत संघांनाच पाळता येतील, तर ते निकष म्हणजे श्रीमंत संघांची आणखी एक ट्रॉफी.

अर्ध्या उत्तराचा पहिला तुकडा सरकारी आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, देशात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या आहेत आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी पन्नास हजार जाहीर झाल्या. आहेत त्यांतल्या किती दुपारी दोननंतर कुलूपबंद असतात, हे ज्यानं त्यानं आपल्या भागात जाऊन पाहावं. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक आहे. तिथला थ्री-डी प्रिंटर मी अजून प्लॅस्टिकच्या वेष्टणातच पाहिला. ती खोली संध्याकाळी शेजारच्या शाळांच्या मुलांना उघडली, तर प्रायोजकापुढे हात पसरायची निम्मी वेळ टळेल.

दुसरा तुकडा आपल्या घरचा, वर्गणीचा. मंडळाची जुनी पावतीपुस्तकं काढून पाहा: पाच रुपये, अकरा रुपये, एकवीस रुपये. कुणा एकाच्या जिवावर गणपती बसत नसे, म्हणून कुणी एक जण मूर्ती कुठे ठेवायची हे सांगू शकत नसे. कमानवाला प्रायोजक आला आणि पावतीपुस्तक बंद पडलं. संघासाठी मी हाच जुना हिशेब लावते. वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कुणा एकाकडून घ्यायचं नाही. मग तो चौथा हिस्सा नाकारायची वेळ आली तरी संघ बुडत नाही, एक फेरी कमी होते किंवा जुन्या मोटरी चालवाव्या लागतात. नकार देण्याची ताकद चारित्र्यातून येते असं लोकांना वाटतं. माझ्या वहीत ती बेरजेतून येते. महापालिकेच्या शाळेच्या संघाला ही बेरीज जमवायला जास्त दारं हिंडावी लागतील, हे मान्य. म्हणून गेल्या वर्षीपासून आमच्या संघानं गोळा केलेल्या प्रत्येक रकमेतला दहावा भाग तिकडच्या संघाच्या वहीत जातो. त्या आईनं तो घेताना विचारलं, “याच्यावर काही अट?” प्रश्न रास्त होता. आम्ही लिहून दिलं, नाही.

पैशाशिवायचे प्रायोजक हा वेगळाच आनंद आहे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक लेथवाले काका आहेत. मुलं कागदावर पेन्सिलनं काढलेला भाग घेऊन जातात, ते चष्मा वर करून बघतात, ‘हे असं बसणार नाही’ म्हणून मुलांकडूनच पुन्हा काढून घेतात आणि शनिवारी दुपारी उरलेल्या ॲल्युमिनियममधून तो घडवून देतात. आमच्या स्पर्धेत तो भाग रोबोवर चालत नाही, टेबलाच्या चौकटीला आणि त्या तरंगत्या यंत्राला लागतो, पण मापात चूक म्हणजे काय हे मुलं तिथे शिकली. टी-शर्टवर त्यांचं नाव घालूया असं मुलांनी ठरवलं तर ते म्हणाले, “मारुं नाम ना लखशो.” कारण विचारलं तर हसले. मुलगे म्हणाले, विनय. धाकटी म्हणाली, त्यांना जीएसटीची भीती वाटत असेल. माझ्या सहवासाचा परिणाम.

या वर्षी एका मध्यम आकाराच्या कंपनीचं पत्र आलं आहे. रक्कम चौथ्या हिश्शाच्या आत बसते, विषयाशी धंद्याचा संबंध नाही, स्टॉल नाही, यादी नाही. मला घ्यायला हरकत दिसत नव्हती. पण आता करार मुलं वाचतात, मोठ्यानं, एकेक ओळ, आणि ज्याला ओळ कळत नाही त्यानं हात वर करायचा असा नियम आहे. रविवारी दोन तास गेले. ‘परस्पर सद्भावना’ म्हणजे काय यावरच पाऊण तास. शेवटी धाकटीनं स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: ‘आमच्या प्रकल्पात तुमच्याबद्दल काही आलं तर ते आम्ही तुम्हाला आधी दाखवणार नाही आणि बदलणार नाही.’ सरांना ती उद्धट वाटली, त्यांनी ‘कृपया नोंद घ्यावी’ जोडायला लावलं. सोमवारी मी पत्र कुरिअर केलं. आज शुक्रवार आहे, उत्तर आलेलं नाही, आणि दोन मोटरींची मागणी मी तोवर अडवून ठेवली आहे.